अब्रुनुकसानी : फिर्याद करण्याआधी आणि नोटीस आल्यावर काय करावे

१८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांचे तरुण संपादक, आगरकर आणि टिळक, मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी नव्हे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण आहेत, असा मजकूर पत्रांतून छापून आला होता. आधार होता हाती आलेल्या काही पत्रांचा. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही चार महिन्यांची कैद झाली आणि १०१ दिवस तुरुंगात काढावे लागले.

या दोघांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. खटला फसला तो खातरजमेवर. आज व्हॉट्सॲपवर आलेला एखादा कागद पुढे ढकलणाऱ्याची आणि त्या कागदामुळे गावात मान खाली घालावी लागणाऱ्याची, दोघांचीही बाजू शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबते : लिहिण्याआधी किती तपासले आणि ते कोणासमोर मांडले? त्यामुळे हा लेख दोघांसाठी आहे.

कायदा नेमका काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या ४९९ ते ५०२ या कलमांचा मजकूर आता एकाच ३५६ व्या कलमात आहे. व्याख्या जवळपास शब्दशः तीच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेने त्यात समाजसेवेचा पर्याय घातला. मजकूर १ जुलै २०२४ च्या आधी प्रसिद्ध झाला असेल, तर गुन्हा जुन्याच कलमांखाली मोजला जातो.

गुन्हा होण्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात. एक, ओळखता येईल अशा व्यक्तीबद्दल काही आरोप. दोन, तो आरोप त्या व्यक्तीखेरीज निदान एका तिसऱ्या माणसापर्यंत पोचणे. तीन, त्याने प्रतिष्ठेला धक्का बसावा हा उद्देश, किंवा बसेल याची जाणीव, किंवा बसेल असे मानण्यास कारण. धक्का प्रत्यक्षात बसलाच हे सिद्ध करावे लागत नाही.

नाव घेतले नाही म्हणून सुटका होत नाही. ‘आमच्या गल्लीतले ते मेडिकलवाले’ एवढ्याने गल्लीतल्या लोकांना माणूस कळत असेल, तर तेवढे पुरेसे आहे. आरोप शब्दांनी करायला हवा असेही नाही. व्यंगचित्र, खूण, छायाचित्राखालची ओळ, उपरोधाने केलेली स्तुती हे सगळे कलमात बसते. बोललेले आणि लिहिलेले यांत आपला फौजदारी कायदा फरक करत नाही. एक फरक मात्र व्यवहारात जाणवतो : बोललेले सिद्ध करायला ऐकणारा साक्षीदार लागतो.

वरच्या तिन्हींपैकी दुसरी गोष्ट मोठी आहे. तुम्हाला एकट्याला पाठवलेले शिवीगाळीचे पत्र ही अब्रुनुकसानी नाही, कारण ते तिसऱ्याने वाचले नाही. भांडण उकरून काढण्यासाठी मुद्दाम केलेल्या अपमानाला ३५२ हे वेगळे कलम आहे, स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांना ७९, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. हे वेगळे गुन्हे आहेत. ते ३५६ मध्ये कोंबले की प्रकरण हलके होते. आणि अजूनही काही नोटिशींत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम टाकलेले दिसते. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले आहे.

गटाची बदनामी होते का, हेही नेहमी विचारले जाते. ‘सगळे बिल्डर चोर’ या वाक्यावर कोणी एक बिल्डर फिर्याद करू शकत नाही. गट ठरावीक आणि मोजता येण्याजोगा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये द्रविड कळघमच्या एका परिषदेसंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले. ‘आपल्या सोसायटीच्या मागच्या कमिटीतले सातही जण’ हा मात्र असा गट आहे. कंपनी किंवा संस्था यांचीही बदनामी होते. मृत व्यक्तीचीही होते, जर त्या शब्दांनी हयातीत तिच्या प्रतिष्ठेला धक्का बसला असता आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल.

‘पण मी खरेच तर बोललो’

सर्वाधिक लोक इथेच अडखळतात. दिवाणी दाव्यात आरोप खरा ठरला की दावा संपला. फौजदारी खटल्यात एवढे पुरत नाही. ३५६ व्या कलमाचा पहिला अपवाद म्हणतो की आरोप खरा हवा आणि तो प्रसिद्ध करणे लोकहिताचेही हवे. शेजाऱ्याचा जुना आजार, कोणाचा मोडलेला संसार, वीस वर्षांपूर्वीचे कर्ज हे सारे खरे असूनही ते चव्हाट्यावर आणण्यात लोकांचे कोणते हित होते, हे सांगता आले पाहिजे.

कलमाला एकूण दहा अपवाद आहेत. सार्वजनिक कामावर प्रामाणिक मत, न्यायालयाच्या कामकाजाचा बऱ्याच अंशी खरा वृत्तांत, पुस्तक-नाटक-भाषणाच्या गुणदोषांवर टीका, वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेली समज वगैरे. रोजच्या जीवनात उपयोगी पडतात ते मुख्यतः दोन. आठवा : ज्याला त्या विषयात अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार. नववा : स्वतःचे, दुसऱ्याचे किंवा सार्वजनिक हित जपण्यासाठी सद्भावनेने केलेले विधान.

या दोन्हींतली ‘सद्भावना’ म्हणजे मन साफ असणे एवढेच नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा खरी मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केलेली धरली जात नाही, असे संहितेच्या सुरुवातीच्याच व्याख्यांत आहे. कोल्हापूर प्रकरणातला पेच हाच होता.

एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण अशी प्रकरणे शहरांत फार होतात. सोसायटीच्या हिशेबात घोळ आहे असा तुमचा संशय आहे. लेखापरीक्षण अहवालात चार लाखांच्या खर्चाला पावत्या नाहीत असे लिहिलेले आहे. तुम्ही ग्रुपवर लिहिता, ‘सेक्रेटरीने चार लाख खाल्ले.’ अहवाल तसे म्हणत नाही. पावत्या नसणे आणि पैसे खाणे यांमधले अंतर तुम्ही स्वतः कापलेत आणि त्याची जबाबदारी तुमची. त्याऐवजी, ‘लेखापरीक्षण अहवालाच्या अमुक पानावर चार लाखांच्या खर्चाच्या पावत्या उपलब्ध नाहीत अशी नोंद आहे. कमिटीने लेखी खुलासा करावा,’ असे सभासदांपुढे मांडा आणि हीच तक्रार अहवालाची प्रत जोडून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करा. तेव्हा आठवा आणि नववा अपवाद तुमच्या पाठीशी उभे राहतात. प्रश्नाची धार यत्किंचितही कमी झालेली नाही. उलट सेक्रेटरीला आता कागद दाखवावाच लागेल.

हीच पद्धत सगळीकडे चालते. बिल्डरविरुद्ध महारेरा, डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, वकिलाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, शाळेविरुद्ध शिक्षणाधिकारी. तक्रारीची प्रत ज्यांचा संबंध नाही अशा तीसजणांना ‘माहितीसाठी’ पाठवली की अपवादाचे कवच पातळ होते. ऑनलाइन अभिप्राय लिहितानाही तुमच्याबाबत जे घडले ते तारखेनिशी लिहा : बिल मागितले, मिळाले नाही, दोनदा ईमेल केला, उत्तर आले नाही. ‘लुटारू’ हा शब्द या चार वाक्यांत काहीच भर घालत नाही, आणि पुढे नेमका तोच कोर्टात वाचला जातो.

दिवाणी की फौजदारी

एकाच मजकुरावर दोन्ही मार्ग खुले असतात आणि दोन्ही एकाच वेळी चालूही शकतात. फौजदारी फिर्यादीत तुम्ही शिक्षा मागता, दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम. मुदती वेगळ्या आहेत आणि त्या चुकवल्या की उत्तम केसही संपते.

दिवाणी दाव्याला फक्त एक वर्ष. १९६३ च्या मुदत कायद्यात लेखी बदनामीसाठी प्रसिद्धीच्या दिवसापासून आणि तोंडी बदनामीसाठी सर्वसाधारणपणे शब्द उच्चारल्यापासून एक वर्ष मोजतात. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे. पोस्ट अजून इंटरनेटवर दिसते, म्हणजे मुदत रोज नव्याने सुरू होते, असे धरून बसू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा युक्तिवाद नाकारला आणि पहिल्या प्रसिद्धीपासून मुदत मोजली.

दिवाणी दाव्यात हेतूला महत्त्व नसते, हे पुण्यातल्या एका निकालाने सगळ्या देशाला दाखवले. सप्टेंबर २००८ मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या एका न्यायमूर्तींच्या जागी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले. चित्र पडद्यावर होते सुमारे १५ सेकंद. चूक कळल्यावर ते काढले गेले, पण क्षमायाचना लगेच आली नाही. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींची भरपाई ठरवली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने आधी २० कोटी भरायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. रकमेवर तेव्हा पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती. इतकी भरपाई म्हणजे उद्या छोट्या वृत्तपत्राला टाळे. पण चूक झाल्यावर पहिल्या काही तासांत काय केले याचे मोल किती असते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

माझे मत स्पष्ट सांगतो. दोन सामान्य माणसांमधल्या वादात फौजदारी मार्ग शेवटचा असावा. इंग्लंडमध्ये हा गुन्हाच जानेवारी २०१० पासून रद्द झाला. आपल्याकडे १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेशी सुसंगत ठरवला. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्यामुळे कायदा आहे आणि राहणार आहे. त्याचे वजन किती, ते २०२३ मध्ये दिसले. २३ मार्चला सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना दोन वर्षांची कमाल शिक्षा दिली आणि त्यांची खासदारकी गेली, कारण दोन वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की अपात्रता लागते. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती देताना, कमाल शिक्षेची कारणेच दिलेली नाहीत, यावर बोट ठेवले.

तुमची बदनामी झाली असेल तर

पहिल्या दिवसाचे काम पुराव्याचे. राग आवरून, उत्तर न देता, आधी मजकूर जपा. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा क्रमांक किंवा खाते, तारीख, वेळ, मागचे-पुढचे संदेश, पोस्ट असेल तर तिचा पूर्ण पत्ता दिसू द्या. ग्रुपच्या सदस्यांची यादी टिपून ठेवा. ग्रुपमधून तिरीमिरीत बाहेर पडू नका. ज्या फोनवर संदेश आला तो विकू, बदलू किंवा रीसेट करू नका.

फोनमधला पुरावा कोर्टात मांडायला प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे पक्के केले : मूळ उपकरणच हजर केले नाही, तर प्रमाणपत्र अनिवार्य. पूर्वी हे जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमात होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा सांकेतिक आकडा, त्यात नोंदवायचे. वकिलाला पहिल्याच भेटीत याबद्दल विचारा. शेवटच्या क्षणी हे जमवताना तारखा जातात.

त्याच आठवड्यात एक साक्षीदार शोधा, ज्याने मजकूर वाचला किंवा ऐकला आणि ज्याच्या मनात तुमच्याबद्दल शंका आली. नातेवाईक नसलेला माणूस उत्तम. पुष्कळ फिर्यादी इथेच कोसळतात : फिर्यादी सोडून दुसरे कोणी साक्षीला येत नाही, आणि मजकुराने समाजात काय फरक पडला याचे उत्तर कोणाकडेच नसते.

मग स्वतःला विचारा, हवे काय आहे. मजकूर काढून टाकणे, त्याच ग्रुपवर खुलासा, लेखी माफी, पैसे, की शिक्षा? नोकरी किंवा लग्नाच्या बोलण्यांवर परिणाम होत असेल, तर तुम्हाला खुलासा लवकर हवा आहे आणि तो नोटिशीने मिळण्याची शक्यता खटल्यापेक्षा जास्त. हेही लक्षात ठेवा की खटल्यात तुमची उलटतपासणी होते. तुमची प्रतिष्ठा हाच वादाचा विषय, म्हणून तुमचे जुने व्यवहार आणि जुनी भांडणे काढली जातात, आणि ते कामकाज वृत्तपत्रात छापणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

नोटीस सक्तीची नाही, पण पाठवावी. तिच्यात मजकूर जसाच्या तसा उद्धृत करा, तो कधी आणि कुठे प्रसिद्ध झाला ते लिहा, तो खोटा का आहे ते थोडक्यात सांगा, नेमकी मागणी आणि मुदत द्या. बदनामी मराठीत झाली असेल, तर मूळ मराठी शब्दच हवेत. कोट्यवधींचे आकडे टाकून समोरच्याला घाबरवण्याचा मोह टाळा. दाव्यात मागाल त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते.

पोलिस ठाण्यात गेलात तर काय होईल, ते आधीच कळले तर मनस्ताप वाचेल. हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलिस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतील, तिची प्रत देतील आणि न्यायालयात जायला सांगतील. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ते तपास करू शकत नाहीत. हा त्यांचा आळस नव्हे. एनसीची प्रत मात्र जपा, तारखेच्या दृष्टीने ती कामी येते.

खरा मार्ग खाजगी फिर्यादीचा. ती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे लोक ज्याला जेएमएफसी कोर्ट म्हणतात तिथे, दाखल होते. फिर्याद बदनामी झालेल्यानेच करायची असते. नेत्यासाठी कार्यकर्त्याला करता येत नाही. अभिनेत्री खुशबू यांच्याविरुद्धच्या फिर्यादी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केल्या, त्याचे एक कारण हेच होते की फिर्यादींची स्वतःची अशी बदनामी झालीच नव्हती. अल्पवयीन किंवा आजारी व्यक्तीच्या वतीने कोर्टाच्या परवानगीने दुसऱ्याला फिर्याद करता येते. मंत्री, राज्यपाल किंवा सरकारी सेवक यांच्या कामकाजासंबंधी बदनामीची तक्रार सरकारी वकिलामार्फत थेट सत्र न्यायालयात जाऊ शकते, पण सहा महिन्यांच्या आत.

पुढचा क्रम असा. दंडाधिकारी तुमचा आणि साक्षीदारांचा शपथेवर पडताळणी जबाब घेतात. फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, २२३ व्या कलमाने यात महत्त्वाचा बदल केला : दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर २२५ व्या कलमाखाली चौकशी आवश्यक. त्यात तथ्य वाटले तर समन्स निघते; लोकांच्या भाषेत ‘इश्यू प्रोसेस’ होते. मग आरोपी हजर होतो, त्याला गुन्हा सांगून कबूल आहे का विचारतात, तुमचा पुरावा, उलटतपास, आरोपीचा जबाब, बचावाचा पुरावा, युक्तिवाद. यात वर्षे जातात, हे समजून उतरा.

आणि तारखेला जा. हा समन्स खटला आहे. फिर्यादी गैरहजर राहिला, हजर होण्यासाठी दिलेल्या तीस दिवसांतही आला नाही आणि दंडाधिकाऱ्यांना तारीख वाढवण्याचे कारण दिसले नाही, तर आरोपी निर्दोष सुटतो. पुण्या-मुंबईत नोकरी आणि गावच्या कोर्टात फिर्याद, असे असेल तर हा विचार आधी करा. अडचण असेल त्या दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज गेलाच पाहिजे.

दिवाणी दाव्यात मजकूर ताबडतोब थांबवणारा हुकूम मिळेल अशी आशा बाळगून लोक येतात. पत्रकारितेच्या मजकुराबाबत तो सहजी मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झी एंटरटेनमेंट विरुद्ध ब्लूमबर्ग प्रकरणात खालच्या न्यायालयाचा असा हुकूम रद्द केला आणि पूर्ण सुनावणीआधी प्रसिद्धीवर बंदी अपवादानेच घालावी असे बजावले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

नोटीस किंवा समन्स तुम्हाला आले असेल तर

वकिलाच्या नोटिशीने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. ती एका बाजूचे म्हणणे आहे. तिचा फोटो काढून ‘बघा, मला घाबरवतात’ असे स्टेटस ठेवलेत तर नवी प्रसिद्धी होईल. त्याच दिवशी आपल्या मूळ मजकुराची आणि ज्यावर तो आधारलेला होता त्या प्रत्येक कागदाची प्रत काढा : पावत्या, ईमेल, माहिती अधिकारातली उत्तरे, अहवाल. कोणाशी बोलून खात्री केली होती, संबंधिताला बाजू मांडायला सांगितले होते का, हे लिहून काढा. पोस्ट काढून टाकायची असेल तरी जपणूक आधी.

मग थंड डोक्याने मजकूर पुन्हा वाचा. वस्तुस्थितीची चूक असेल, तर ती त्याच ठिकाणी आणि तितक्याच ठळकपणे दुरुस्त करा. दिलगिरीने खटला आपोआप संपत नाही, पण हा गुन्हा तडजोडयोग्य आहे. बदनामी झालेल्या व्यक्तीला तो मिटवता येतो आणि बहुतेकदा सुरुवात एका स्वच्छ दुरुस्तीपासूनच होते. चूक नसेल, तर कागदांचा आधार देऊन ठाम उत्तर वकिलामार्फत पाठवा. उत्तरातला प्रत्येक शब्द पुढे पुरावा होतो, म्हणून रागाचे वाक्य त्यात नको.

२२३ व्या कलमाखालची नोटीस आली, तर ‘अजून समन्स कुठे आले’ म्हणून दुर्लक्ष करू नका. प्रकरण दाराशीच थांबवण्याची ती संधी आहे. फिर्यादी बाधित व्यक्तीच नाही, मुदत उलटली आहे, तक्रार सक्षम अधिकाऱ्याकडेच केली होती, असे मुद्दे तिथेच मांडा. समन्स निघालेच तर तारखेला हजर व्हा. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा हक्क आहे. आधार कार्ड आणि जामीनदार यांची तयारी ठेवा. समन्स काढण्याचा आदेशच चुकीचा वाटला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण किंवा उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, हे ऐकून लोक हबकतात. पण तो भार सरकार पक्षाइतका जड नाही. सर्वोच्च न्यायालयाने हरभजन सिंग प्रकरणात ठरवले की आरोपीची बाजू अधिक संभाव्य वाटली तरी पुरे. म्हणून तो खातरजमेचा कागद हवा.

फॉरवर्ड करणारा सुटतो का? नाही. पुढे पाठवणे ही स्वतंत्र प्रसिद्धी आहे, ‘आले तसे पाठवले’ हा बचाव नाही. ग्रुप ॲडमिनची गोष्ट निराळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटले की सामायिक उद्देश किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही. ते प्रकरण अब्रुनुकसानीचे नव्हते, पण तत्त्व उपयोगी आहे. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र इथल्या समजुतीवर तिथे विसंबू नये. संयुक्त अरब अमिरातीत ऑनलाइन अपमानही सायबर कायद्याखाली गुन्हा आहे.

छळाबद्दल बोललेल्या स्त्रियांना या कलमाची भीती घातली जाते, म्हणून एक निकाल प्रत्येकीला माहीत असावा. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्या फिर्यादीतून पत्रकार प्रिया रमानी यांची निर्दोष मुक्तता केली. स्त्रीच्या प्रतिष्ठेचा बळी देऊन दुसऱ्याच्या लौकिकाचे रक्षण करता येत नाही, आणि अनेक दशकांनंतरही, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर तक्रार मांडण्याचा तिला हक्क आहे, असे त्या निकालात आहे. हा निकाल कनिष्ठ न्यायालयाचा, म्हणून इतरांवर बंधनकारक नाही. तरीही त्यातला विचार वकिलाला जरूर दाखवा, आणि जमेल तितक्या लवकर त्या वेळचे संदेश, ज्यांना तेव्हा सांगितले त्या मैत्रिणींची नावे आणि कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत तक्रार समितीकडे केलेल्या तक्रारीची प्रत एकत्र करा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. या मदतीच्या नियमावलीत मात्र नेमका अब्रुनुकसानीच्या प्रकरणांचा अपवाद असू शकतो. म्हणून अर्ज देतानाच ‘फिर्यादी म्हणून की आरोपी म्हणून’ हे स्पष्ट लिहा आणि मंजुरी लेखी मागा. सोबत नोटीस किंवा समन्सची प्रत, ओळखपत्र आणि पुढच्या तारखेचा कागद न्या. तारीख जवळ असेल तर ती अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.